किनाऱ्यावरची सायकल: सडा, पुळण आणि भरतीचं गणित

दापोलीजवळच्या मुरुडला पहिल्यांदा सायकली घेऊन गेलो तेव्हा बेत होता रोज पन्नास किलोमीटरचा. नकाशात समुद्राला लागून जाणारी रेघ दिसत होती, आणि समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच, असं आम्ही चौघांनी गृहीत धरलं होतं. पहिल्याच दिवशी हर्णैहून आंजर्ल्याकडे निघालो आणि ऐन अकराच्या उन्हात कड्यावरच्या गणपतीचा चढ सायकली ढकलत चढलो. वर पोचताच मावसबहिणीला चक्कर आली. देवळाच्या सावलीत तिला तासभर आडवं केलं, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजलं, तेव्हा कुठे तिच्या तोंडावर रंग आला. समोर सुवर्णदुर्ग दिसत होता, पण त्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर, तेही सकाळी, आणि निघायची वेळ ठरवायची ती पंचांगात तिथी पाहून. लहान मुलं, साठीतले आई-वडील, दहा वर्षांत सायकलला हात न लावलेले मित्र, सगळ्यांना घेऊन अशा सुट्ट्या झाल्या आहेत. ती पद्धत इथे पहिल्यापासून सांगतो.

गाव निवडताना जमीन बघा

कोकणचा किनारा सलग सपाट नाही. जांभ्याचा सडा, म्हणजे तांबड्या दगडाचं उंच पठार, समुद्रापर्यंत येऊन थडकतो, मध्येच एखादी खाडी त्याला चिरून आत घुसते, आणि दोन टेकड्यांच्या मध्ये पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, पसरते. पुळणीमागच्या अरुंद पट्टीत नारळी-पोफळीची आगरं आणि त्यांत गाव. म्हणजे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर बहुतेक वेळा सड्यावर चढायचं आणि पलीकडे उतरायचं. नकाशातलं पाच किलोमीटरचं अंतर पायांना दहाचं वाटतं ते यामुळे.

म्हणून मुक्काम अशा ठिकाणी करा, जिथे गावातल्या गावात आणि पुळणीवरच दोन दिवस सायकल फिरवता येईल. मुरुड-कर्दे माझ्या आवडीचं, कारण मुरुडची पुळण दक्षिणेला कर्द्यापर्यंत जाते आणि मागच्या गल्ल्या सावलीच्या आहेत. दिवेआगर आणि गुहागर, दोन्हीकडे लांबलचक पुळण आणि तिला समांतर आगरांमधला रस्ता आहे. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली-देवबागची पट्टी एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी अरुंद आणि सपाट आहे. घरात कुणी नवशिके असतील तर तिथेच जा. अलिबागजवळ नागाव ते रेवदंडा हा पट्टाही छान, पण फक्त सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी तिथल्या गाड्यांच्या रांगेत मुलांना सायकलवर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. रत्नागिरी-गणपतीपुळ्याच्या मधला आरे-वारेचा रस्ता दिसायला अप्रतिम, पण चढ-उताराचा. शिवाय फोटोसाठी गाड्या वळणावरच थांबतात. उताराची सवय असेल तरच तिकडे वळा.

महिना, तास आणि वारा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. मार्चपासून दमटपणा इतका वाढतो की घाम वाळतच नाही, आणि न वाळणारा घाम अंग गार करत नाही. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर उजाडताच निघून नऊच्या आत सायकल अंगणात परत हवी. पावसाळ्यात कोकण देखणं असतं, पण जांभ्यावर शेवाळ धरतं, साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, पाणी जातं आणि रिम ब्रेक भिजला की निम्मा निकामी होतो.

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकलो होतो. सायकलवर बसल्यावर त्या धड्याचा उपयोग होतो. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे हलका मतलई वारा असतो, किंवा हवा अगदी पडलेली असते. अकरा-बाराच्या सुमाराला खारा वारा सुटतो आणि दुपारी तीन-चारला जोर धरतो. कोरड्या महिन्यांत तो बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणून सकाळी शांत हवेत उत्तरेकडे जा आणि वारा सुटल्यावर दक्षिणेकडे परत या. वारा पाठीशी राहतो. उलट केलंत तर दमलेल्या पायांनी, तापलेल्या रस्त्यावर, समोरच्या वाऱ्यात यावं लागतं. मुरुडला राहून हर्णैला जाणं या हिशेबात नेमकं बसतं. हर्णै उत्तरेला, साधारण सात किलोमीटरवर.

तिथीची पाऊणपट

पुळणीवर सायकल चालवायची तर ओहोटी हवी. भरतीला उरते ती वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात चाक रुततं. ओहोटीला पाणी मागे सरतं आणि मागे राहते ती ओली, दाबून बसलेली वाळू, डांबरी रस्त्याच्या तोडीची.

भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: त्या दिवशीच्या तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. त्यानंतर सव्वासहा तासांनी, सकाळी सव्वानवाच्या आसपास, पूर्ण ओहोटी. एकादशी असेल तर अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी फिरायच्या वेळेलाच पाणी वरपर्यंत आलेलं. शुद्ध पक्ष असो वा वद्य, मोजणी तीच. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे. हिशेब ढोबळ आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा. मुंबईपेक्षा दक्षिणेला, सिंधुदुर्गाकडे, भरती थोडी आधी येते. नेमकी वेळ मोबाइलवरच्या भरतीच्या तक्त्यात मिळते, ती ताडून बघा. पण सुट्टीचे दिवस महिनाभर आधी ठरवताना कालनिर्णय आणि पाऊणपट पुरेशी होते.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. सकाळी सात ते दहा पुळण मोकळी हवी असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया ते पंचमी या तिथींना जा. हे दिवस उधाणाच्या लगतचे, त्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि वाळूचा पट्टा सर्वांत रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी, पाणी फार मागे सरत नाही. आमच्या घरी आता सुट्टीचा अर्ज तिथी पाहून जातो.

ओहोटीच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पुळणीवर उतरा आणि पाणी फिरल्यावर तासाभरात बाहेर या. उधाणाच्या दिवसांत भरती भराभर चढते. परतीच्या वाटेवर एखादा ओढा किंवा खाडीचं मुख असेल, तर जाताना घोट्याइतकं असलेलं पाणी येताना कमरेइतकं झालेलं असतं. केळशीला भारजा नदीचं मुख किंवा आंजर्ल्याला जोग नदीचं मुख सायकल खांद्यावर घेऊन पार करायचा मोह कुणीही करू नये. तिथे तळाला गाळ असतो आणि ओढही असते. पुलावरून जा.

सायकल: आपली की भाड्याची

आपली न्यायची असेल तर कोकण रेल्वेने खेडपर्यंत लगेज म्हणून बुक करता येते. गाडीच्या बऱ्याच आधी स्टेशनवर पोचा आणि गिअरच्या बाजूला पुठ्ठा बांधा. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट सोयीची. खाड्यांवरच्या जंगलजेटीतही (माणसं-गाड्या पलीकडे नेणारी फेरीबोट), दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सायकल चढते. चढताना-उतरताना खाली उतरून ढकला. लोखंडी फळी ओली आणि गुळगुळीत असते.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी भाड्याची घ्यावी. अनेक घरगुती निवासांत एक-दोन सायकली असतात, नसतील तर मालक गावातून मागवून देतात. फक्त ताब्यात घेताना पाच मिनिटं काढा. एकदा आम्ही घाईत ही पाच मिनिटं वाचवली. पहिल्याच उतारावर मागच्या ब्रेकची केबल सुटली आणि भावाने सायकल गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, घासून थांबवली. जांभ्याच्या खरखरीत दगडाने कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघाली. तेव्हापासून मी सायकल पुढे ढकलतो आणि पुढचा ब्रेक करकचून दाबतो. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग मागचा दाबून ओढतो. चाक फिरता कामा नये. ब्रेकची मूठ हँडलला टेकत असेल तर ती सायकल नको. पुढचं चाक दोन पायांत धरून हँडल पिळून बघा, ढिलं तर नाही ना. टायरच्या कडांना भेगा, चेनवर गंज, घंटा, मागचा लाल दिवा, एवढं बघून घ्या.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवली की पाय खाली सरळ झाला पाहिजे. नवशिक्यांना मात्र दोन बोटं खाली ठेवा, म्हणजे थांबल्यावर पाय जमिनीला टेकतात आणि धीर राहतो.

हवेचा व्हॉल्व्ह कोणता तेही बघा. जाड तोंडाच्या व्हॉल्व्हला गावातला मोटरसायकलचा पंक्चरवाला हवा भरून देतो. बारीक तोंडाचा असेल तर जोडणी आणि पंप आपल्याजवळ हवा.

सोबत काय

हेल्मेट सगळ्यांना, पुळणीवरसुद्धा. भुवयांच्या वर दोन बोटं बसतं ते नीट. मागे कपाळावर सरकलेलं हेल्मेट घालून उपयोग नाही. माणशी एक लिटर पाणी, अधिक एका बाटलीत साखर-मिठाचं: लिटरभर पाण्याला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे. वाटेत शहाळं मिळालं की घ्या, कोकम सरबत घ्या. पांढरा किंवा भडक रंगाचा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मानेला पंचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, वाऱ्यात वाळू उडते. पंक्चरचं सामान, जादा ट्यूब, रोख सुटे पैसे, आणि नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवलेला, कारण खाडीच्या बेचक्यात रेंज जाते. सोनं-नाणं, लॅपटॉप मुक्कामाच्या घरी.

रस्त्यावर

सर्वांत सराईत माणूस पुढे, दुसरा सराईत सर्वांत मागे, मुलं आणि नवशिके मध्ये. एकामागे एक, दोन सायकलींत दोन सायकलींचं अंतर. पुढच्याचा वेग मधल्यातल्या सर्वांत हळू माणसाच्या मानाने. दर तीन-चार किलोमीटरवर थांबा, कुणी दमलेलं नसलं तरी.

किनारी रस्ते अरुंद आहेत आणि त्यांच्या कडा खचलेल्या असतात. डांबर आणि माती यांत वीतभर फरक असतो. चाक एकदा खाली गेलं की तिरकं वर येत नाही, माणूस पडतो. म्हणून अगदी कडेला चिकटू नका, कडेपासून हातभर आत चालवा. एसटी मागून आली तर पुढे रुंद जागा बघा, थांबा, डावा पाय टेका आणि तिला जाऊ द्या. एसटीच्या चालकाला वळण न् वळण पाठ असतं, त्याची भीती नाही. पहिल्यांदाच आलेली, गाणी लावून निघालेली गाडी जास्त जपण्यासारखी. वळणाआधी घंटा वाजवा.

उतारावर वळण येण्याआधीच वेग कमी करा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक एकत्र, दाबा-सोडा दाबा-सोडा असे. सड्यावरून खाली येताना वळणाच्या आतल्या बाजूला जांभ्याची बारीक तांबडी खडी साचलेली असते, ती दिसायला मातीसारखी आणि चाकाला मण्यांसारखी. हर्णैसारख्या बंदराजवळ मासळीच्या टोपल्यांतून आणि बर्फातून गळालेलं पाणी रस्त्यावर असतं, तिथेही तेच. लिलाव चालू असेल तर सायकल लांब लावून पायी जा. लोकांच्या पोटापाण्याची घाईची वेळ असते ती.

वाडीतल्या गल्लीत दोन्ही बाजूंना गडगे असतात आणि फाटकातून कोंबडी, वासरू, मूल, काहीही अचानक पुढे येतं. चालण्याच्या दुप्पट वेग, त्याहून जास्त नको. कुत्रा धावून आला तर पळू नका. उतरा, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि हळूहळू चाला. आणि विसाव्याला थांबताना वर बघा: नारळाखाली सायकल लावू नये, खाली बसू नये. फळ पडतं, वाळलेली झावळही पडते, आणि खारा वारा सुटल्यावर जास्त पडते. आंब्याची, काजूची सावली शोधा.

पुळणीवर

कर्द्याला एक म्हातारे कोळीबाबा जाळं विणत बसले होते. आम्ही पाण्याच्या अगदी कडेने चालवत होतो आणि चाकं रुतत होती. त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "दादा, पाय टाकून बघा. पायाभोवती वाळू कोरडी पडली तर तिथनं चालवा. चकचकली तर नको." तसंच असतं. घट्ट बसलेल्या ओल्या वाळूवर पाऊल दाबलं की भोवतीची वाळू क्षणभर फिकी, कोरडी दिसते आणि पाय उचलला की पुन्हा काळी होते. जिथे पाण्याचा चकाकता पापुद्रा आहे आणि पाऊल मऊ बुडतं, तिथे चाकही बुडणार. हा घट्ट पट्टा सहसा पाण्याची कड आणि कोरडी वाळू यांच्या मधोमध सापडतो.

जाड टायर असतील तर हवा थोडी कमी करा; रस्त्यावर 40-50 पीएसआय असेल तर वाळूसाठी 20-25 वर आणा, आणि डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरा. हलका गिअर, एकसारखं पॅडल, सीटवर मागे सरकून बसा. पुढचा ब्रेक वाळूत दाबू नका, हँडल झटक्यात वळवू नका. मऊ वाळू लागलीच तर पॅडल सोडू नका. थांबलात की रुतलात.

होड्यांच्या आसपास नीट बघा. होडी बांधलेला दोर, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतानाचा दोर वाळूवर आडवा असतो, कधी ताणून गुडघ्याइतका वर येतो, आणि वाळूच्याच रंगाचा असल्यामुळे दहा फुटांवरूनही दिसत नाही. होडी दिसली की उतरून चाला. खाऱ्या पाण्यातून सायकल घालू नका, लाट चाकाला लागू देऊ नका.

भरतीच्या रेषेच्या वर, जिथे मर्यादवेल सुरू होते, तिथे सायकल न्यायची नाही. मर्यादवेल वाळू धरून ठेवते. आणि हिवाळ्यात त्याच पट्ट्यात कासवं अंडी घालतात. वेळास आणि आंजर्ले यांसाठी प्रसिद्ध आहेत. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वर येते, हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून निघून जाते. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येऊन समुद्राकडे निघतात. बोटभर लांबीच्या त्या पिल्लाला चाकाने पडलेली चाकोरी म्हणजे न ओलांडता येणारा चर. म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल अंधार पडल्यावर या किनाऱ्यांवर सायकल नाही, दिवा नाही.

काही झालंच तर

खरचटलं तर आधी भरपूर गोड्या पाण्याने धुवा. जांभ्याची बारीक कच जखमेत राहिली तर ती पिकते. वाळू आणि मीठही काढा. कुत्रा चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठून लस सुरू करा. हळद, चुना काही लावू नका. उन्हाने डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे सुरू झाले की तिथेच सावलीत थांबा, मान-काखा ओल्या करा, साखर-मिठाचं पाणी द्या. बोलणं असंबद्ध झालं किंवा अंग तापून लाल झालं तर तोंडातून काही देऊ नका, अंगावर पाणी ओतत राहा आणि 108 ला फोन करा. 112 हाही चालतो. मुरुड-हर्णै भागातून मोठा दवाखाना दापोलीलाच आहे, म्हणून मुक्कामाच्या मालकांचा आणि गावातल्या एखाद्या रिक्षावाल्याचा नंबर सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवा. निघताना घरी सांगून जा: कुठे चाललो, किती वाजता येऊ.

परतल्यावर

पाय धुण्याआधी सायकल धुवा. खारी हवा आणि वाळू एका रात्रीत चेनवर तांबूस थर आणतात. विहिरीच्या पाण्याच्या दोन बादल्या पुरतात: वरून तांब्याने ओता, जोराचा पाइप चाकाच्या मध्यावर मारू नका, बेअरिंगमध्ये वाळू ढकलली जाते. जुन्या दात घासायच्या ब्रशने चेन आणि दात्यांमधली वाळू काढा, फडक्याने कोरडी करा, पॅडल उलटं फिरवत कडीकडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. पाच मिनिटांनी वरचं तेल पुसून टाका, नाहीतर उद्या त्याच तेलाला वाळू चिकटेल. रिमवर आणि ब्रेकच्या रबरावर तेलाचा हात लागू देऊ नका. भाड्याची सायकल असली तरी हे करा, कारण उद्या सकाळी त्याच ब्रेकवर सड्यावरून खाली यायचं आहे. मग पंचांग काढा, उद्याची तिथी बघा आणि पाऊणपट करून गजर लावा.